टेंभ्याचा रिसीव्हर

वरुळखेड्याचं डाकघर म्हणजे चुडामण गुरुजींची ओसरी, आणि डाकघरातला फोन म्हणजे भिंतीला ठोकलेल्या फळीवरचं काळं खोकं. गुरुजी सकाळी डाकेचं काम उरकून अकराला शाळेत जात. मग संध्याकाळपर्यंत तो फोन त्यांच्या बायकोच्या, प्रमिलाबाईंच्या ताब्यात असे.

गोष्ट सत्त्याऐंशी सालची. नरडाण्याहून एकच तार निघायची आणि चार गावांतून जायची. निंभोरी, आंबोडे, वरुळखेडे आणि शेवटी टेंभे. तार एक असल्यामुळे एका गावाची घंटी चारही गावांत वाजे. दोन लांब वाजल्या तर वरुळखेडे, तीन आखूड वाजल्या तर टेंभे, असं ठरलेलं होतं. दुसऱ्याची घंटी असली तर रिसीव्हर उचलायचा नाही, हा नियम. पण उचलला तर सगळं ऐकू येतं, हेही सगळ्यांना ठाऊक होतं.

दुपारी एक वाजता नरडाण्याचा ऑपरेटर जेवायला जाई. तेव्हा प्रमिलाबाई हँडल जेमतेम अर्धा फेरा फिरवायच्या. घंटी वाजायची नाही, नुसती कुरकुरायची. की निंभोरीहून सुनंदाबाई यायची आणि आंबोड्याहून भिकूअक्का. सुनंदाबाई पंचविशीतली, निंभोरीच्या डाकवाल्याची सून. भिकूअक्का सत्तरीच्या, आंबोड्याच्या डाकवाल्याची आई. तिघींनी एकमेकींचं तोंड कधी पाहिलं नव्हतं. पण सुनंदाच्या सासूला दाढेचा त्रास कोणत्या बाजूला आहे, हे प्रमिलाबाईंना माहीत होतं.

रोज प्रत्येकीनं दोन गोष्टी सांगायच्या. एक जीव सुखावणारी, एक डोकं उठवणारी. सुनंदा सांगायची, आज ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी अशी टम्म फुगली की सासऱ्यांनी मागून घेतली. आणि डोकं कशानं उठलं, तर शेजारीण चाळणी घेऊन गेली ती पंधरा दिवस आणत नाही, वर आपल्याच दारात बसून आपल्याच चाळणीनं पीठ चाळते. अक्का सांगायच्या, लग्नाची पत्रिका आली, तिच्यावर धाकट्या जावेचं नाव, त्यांचं नाही. “मी काय मरी गयी का?” असं विचारायच्या आणि स्वतःच हसायच्या. प्रमिलाबाईंकडे गुरुजींच्या भेटीला येणारे एक सेवानिवृत्त हेडमास्तर होते. ते चहा बशीत ओतून इतका वेळ फुंकायचे, की प्रमिलाबाईंना वाटायचं, बशी उडून जाईल.

यात काही विशेष नव्हतं. पण साडेबाराला प्रमिलाबाईंचे हात भरभर चालायला लागत, ते या अर्ध्या तासासाठी.

माघात कधीतरी त्यांच्या लक्षात आलं की आवाज बारीक झालाय. तारेवर एकेक रिसीव्हर उचलला जाई तसतसा आवाज क्षीण होत जाई. तिघी असताना किती ऐकू येतं, हे कानाला पक्कं माहीत होतं. त्यापेक्षा कमी येत होतं.

“कोनी ऐकी राहिनं,” अक्का म्हणाल्या. “कोन शे वं?”

उत्तर नाही. तिघींनी पटापट फोन ठेवले. डाकेचा इन्स्पेक्टर असला तर? आठवडाभर कुणी हँडलला हात लावला नाही. मग राहवेना. पुन्हा सुरुवात झाली, आणि पुन्हा तो चौथा रिसीव्हर उचलला गेला. यावेळी त्यांनी कान देऊन ऐकलं. श्वास होता. आणि त्याच्यामागे, दमादमानं, लोखंडी कडीचा आवाज. कुईं... कुईं...

“पाळणा शे,” अक्का म्हणाल्या. “बाई शे. लेकुरवाळी.”

तिघींचा जीव भांड्यात पडला. इन्स्पेक्टर काही पाळणा हलवत बसणार नाही. तार चारच गावांची, म्हणजे ही टेंभ्याची. टेंभ्याहून एरवी रुपचंद डाकवाल्याचा आवाज येई, तोही कामापुरता. त्याच्याच घरातली कुणीतरी असणार. लाजत असेल.

मग ती त्यांच्यातलीच झाली. तिघींचं सांगून झालं की अक्का म्हणायच्या, “आते तू सांग वं माय.” क्षणभर थांबायचं. कडी वाजत राहायची. मग सुनंदा हसून म्हणायची, “हिची आजची गोष्ट उद्या.” अक्का तिला बाळंतशेपा कशा भाजायच्या ते सांगत, पोराच्या पोटाला ओव्याचा शेक कसा द्यायचा ते सांगत. एकदा त्या म्हणाल्या, “तुनं पोर कधी रडत नई का वं? भलतं गरीब शे.”

त्या दिवशी फोन ठेवल्यावर प्रमिलाबाई थोडा वेळ तिथंच उभ्या राहिल्या. खरंच, महिनाभरात एकदाही रडणं ऐकलं नव्हतं. पाळणा मात्र एक दिवस थांबला नव्हता.  मग दुधाच्या भांड्यावर मांजर आलं, आणि त्या आत गेल्या.

होळी झाल्यावर टेंभ्यालाच बारसं निघालं. प्रमिलाबाईंची चुलत नणंद तानुबाई तिथं दिली होती, तिला दुसरी मुलगी झाली होती. घर बायकांनी गच्च भरलेलं. प्रमिलाबाई गूळ-खोबरं वाटत होत्या. पाहतात तर एक हिरव्या लुगड्यातली बाई, अंगानं किडकिडीत, न विचारता पाळण्याजवळ गेली, तिनं मुलगी उचलली आणि भिंतीकडे तोंड करून बसली. मुलीला छातीशी घट्ट धरलं आणि डोलायला लागली. नाव ठेवायची वेळ झाली तरी सोडेना. बायका एकमेकींकडे बघत होत्या. तानुबाईला बोलवेना, ती तोंड पाडून बसली.

“बाई, द्या इकडं. सगळ्या खोळंबल्यात,” प्रमिलाबाई म्हणाल्या. तिनं ऐकलं नाही. तेव्हा प्रमिलाबाईंनी तिच्या हातातून मुलगी ओढून घेतली. मुलगी किंचाळली. ती बाई उठली, पदर सावरला आणि मागच्या दारानं निघून गेली.

मग कुजबूज सुरू झाली. तिचं मूल दिवाळीत गेलं म्हणे, सव्वा महिन्याचं होऊन. तेव्हापासून अशीच करते. पूर्वेकडची आहे, बोलीही वेगळी, कुणाशी बोलत नाही.

हे सगळं ऐकूनही प्रमिलाबाईंनी दुसऱ्या दिवशी ते फोनवर सांगितलं. डोकं उठवणारी गोष्ट म्हणून सांगितलं.

“अगं, काय एकेक माणसं असतात! दुसऱ्याचं मूल घेऊन अशी बसली, जशी हिचीच मालमत्ता. मी तर हिसकावूनच घेतलं.”

“बरं केलंत ताई,” सुनंदा म्हणाली.

“कोन व्हती ती?” अक्कांनी विचारलं.

“नाव नाही विचारलं. मूल गेलंय म्हणे तिचं. आता गेलं त्याला आपण काय करणार? चार महिने झाले, घरातला पाळणा अजून सोडला नाही म्हणत होत्या, अन्...”

पाळणा हा शब्द तोंडातून गेला, आणि प्रमिलाबाईंची जीभ जागीच थांबली. कडी वाजत नव्हती. तारेवर नुसता श्वास होता. मग बारीक खट् झालं, आणि सुनंदाचा आवाज एकदम मोठा होऊन कानावर आदळला, “ताई? काय झालं? बोला ना!”

टेंभ्याचा रिसीव्हर खाली ठेवला गेला होता.

“माय वं,” भिकूअक्का हळूच म्हणाल्या. “आपन तिले बाळंतशेपा सांगत व्हतो.”

पुढचे दिवस वाईट गेले. एक वाजता तिघी यायच्या आणि बोलायला काही नसायचं. आवाज स्वच्छ, खणखणीत येई, आणि तोच सहन होत नसे. प्रमिलाबाईंना कडी दुसरीकडेच ऐकू येऊ लागली. विहिरीवरच्या रहाटात, शाळेच्या फाटकात, गुरुजींच्या सायकलीत. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, तोंडावर आली होती, गावात पोरींनी निंबाला झोके बांधले होते. दिवसभर ते करकरत. त्यांनी ओसरीची दारं लावून घेतली तरी आवाज आत येई. भाकरी थापताना त्यांचा हात त्या लयीत पडू लागला, तेव्हा त्यांनी परातीतलं पीठ तसंच ठेवलं आणि भिंतीला टेकून बसल्या.

गुरुजींना त्यांनी सगळं सांगितलं. ते म्हणाले, “तुला कुठं माहीत होतं, ऐकणारी तीच आहे म्हणून?”

“ऐकत नसती तर चाललं असतं का?”

 रविवारी गुरुजींनीच बायकोला टेंभ्याच्या बसमध्ये बसवून दिलं.

रुपचंदचं घर गावाच्या टोकाला होतं. तो एकटाच होता, अंगणात दोर वळत बसलेला. गुरुजींची बायको म्हटल्यावर लगबगीनं उठला, घोंगडी टाकली, पाणी आणलं. घरात फोनची फळी खिडकीजवळ होती. तिच्या हातभर अंतरावर, आढ्याला टांगलेला पाळणा. आत दुपटं घातलेलं, चार कोपरे नीट दुमडलेले.

“बेबाबाई कुठंय?” नाव त्यांना तानुबाईकडून कळलं होतं.

“माहेरी. लांब पूर्वेकडचं गाव आहे तिचं. बुधवारी भाऊ येऊन घेऊन गेला.”

प्रमिलाबाईंनी बसल्या जागी सांगून टाकलं. बारशाला मूल ओढून घेणारी मी, आणि फोनवर ते हसत सांगणारीही मीच. रुपचंद खाली मान घालून ऐकत होता. हातातला दोर त्यानं सोडला नव्हता.

“फोनवर ऐकते ते मला माहीत होतं,” तो म्हणाला. “मूल गेल्यावर ही तीन महिने बोलली नाही. एक शब्द नाही. मग एके दिवशी मी शेतातून आलो तर मला म्हणाली, निंभोरीच्या सुनंदाबाईची चाळणी अजून परत आली नाही. मला काही समजेना, कोण सुनंदाबाई! मग रोज सांगायची. अक्कांची पत्रिका, तुमच्याकडचे ते बशी फुंकणारे मास्तर. त्यांची नक्कल करायची. घरात तेवढंच बोलणं होतं आमच्यात.”

प्रमिलाबाईंनी पदराचं टोक तोंडात धरलं.

“त्या दिवशी मी आल्याबरोबर विचारलं, आज काय म्हणाल्या गं तुझ्या बाया? तर म्हणे, आज लाइन बंद होती.”

थोड्या वेळानं त्यानं चहा टाकला. प्रमिलाबाईंनी तो तसाच ठेवला. निघताना खिडकीतून वारा आला आणि पाळणा इंचभर हलला. कडी वाजली. दोघांनीही तिकडं पाहिलं, आणि दोघं बाहेर आले.

आठवडाभरानं एक वाजता तिघी तारेवर असताना आवाज बारीक झाला. मागे कडी. कुईं... कुईं... सुनंदा मध्येच थांबली. 

“बेबाताई?” प्रमिलाबाईंनी विचारलं.

कडी थांबली. कुणीतरी खाकरलं.

“मी आहे, रुपचंद. तिला पत्र लिहितो मी, पण चार ओळींच्या पुढं सुचत नाही. तुमचं ऐकून लिहीन म्हटलं. तुम्ही बोला. मी बसलोय, हात आपोआप पाळण्याकडं जातो.”

पुरुषमाणूस ऐकतोय म्हटल्यावर आधी तिघी अवघडल्या. मग अक्कांनी घसा साफ केला आणि सांगितलं की काल त्यांच्या नातवानं त्यांच्या चष्म्याची काडी खाटेच्या सुतळीनं बांधून दिली, आता कान खाजतो. रुपचंद शब्द पुटपुटत लिहीत होता. प्रमिलाबाईंची पाळी आली तेव्हा त्या म्हणाल्या, “लिहा, वरुळखेड्याची प्रमिला चुकली. तिनं तुमच्या हातून पोर ओढायला नको होती. अन् दुसऱ्या दिवशी जे बोलली, ते त्याहून वाईट.” पलीकडून रुपचंदचं पुटपुटणं थांबलं.

असं दोन महिने चाललं. पत्राचं उत्तर येत असे की नाही, ते रुपचंदनं कधी सांगितलं नाही, आणि यांनी विचारलं नाही.

आषाढात ती परत आली. तो दिवस प्रमिलाबाईंना कळला, कारण एक वाजता रिसीव्हर उचलला गेला आणि श्वास वेगळा होता. त्यांनी विचारलं, “मी भेटायला येऊ का? उद्याच येते.”

 पहिल्यांदाच तिचा आवाज आला. बारीक, थोडा घोगरा.

“येऊ नका माय. तुमी दिसल्या की मले तो दिस दिसीन. तुमचा आवाज बरा आहे. बोला तुमी.”

“येत नाही,” प्रमिलाबाई म्हणाल्या.

आणि त्या गेल्या नाहीत. तानुबाईच्या मुलीच्या पहिल्या वाढदिवसालाही गेल्या नाहीत, तानुबाई त्यावरून वर्षभर रुसून बसली. फोनवर बेबाबाई कधी एखादं वाक्य बोले, कधी नुसती ऐके. पाळणा काढला का, हे कुणी विचारलं नाही. काही दिवस कडी ऐकू येई, काही दिवस नाही.

पुढच्या वर्षी दिवाळीच्या आधी प्रमिलाबाई सोनगीरला तांब्याचा हंडा घ्यायला गेल्या. तांबटांच्या गल्लीत हातोड्यांचा गदारोळ चालला होता. त्यातूनही एक घोगरा आवाज त्यांना ओळखू आला. दोन दुकानं सोडून हिरव्या लुगड्यातली एक बाई दुकानदाराशी भांडत होती. “भाऊ, इतलुशा तपेल्याचे इतले पैसे? मले काय येडी समजता?” रुपचंद शेजारी पिशवी धरून उभा होता. त्यानं प्रमिलाबाईंना पाहिलं, नमस्काराला हात उचलला आणि बायकोकडे बघून खाली घेतला.

प्रमिलाबाईंनी डोक्यावरचा पदर पुढं ओढला, हंडा न घेताच मागं वळल्या आणि बाजूच्या बोळात शिरल्या. तिथं गाढवं बांधलेली होती, वाट अरुंद होती. तो आवाज बराच वेळ मागं येत होता. तो ऐकू येईनासा होईपर्यंत त्या थांबल्या नाहीत.