केकची जाड बाजू

बाईंनी पहिलं अंडं इतक्या जोरात आपटलं, की कवच वाडग्यातच पडलं.

"सरळ कर म्हणे!" चमच्याने कवचाचे तुकडे काढता काढता त्या स्वतःशीच पुटपुटल्या. "बारा वर्षं वाकडा गिळला, तेव्हा नाही घशात अडकला."

शाळेत गणित शिकवण्यात वीस वर्षं गेली होती, त्यामुळे सगळी गल्ली त्यांना 'बाई'च म्हणायची. आज रविवार, शाळेला सुट्टी, आणि लेकीचा दहावा वाढदिवस. पण लेक घरात नव्हती. दोन वर्षांपूर्वी नवरा-बायको वेगळे झाले, तेव्हाच कागदावर ठरलं होतं. ठकू आठवडाभर आईकडे, शनिवार-रविवार बापाकडे, आणि वाढदिवस एक वर्ष इथे, एक वर्ष तिथे. यंदा तिथे. सही बाईंचीच होती, त्यामुळे बोलायला तोंड नव्हतं.

फोन काल दुपारी आला होता.

"ठकू हटूनच बसलीय, केक आईचाच पाहिजे," ठकूचा बाप म्हणाला होता. "खरं तर ही तीन मजली करणार होती. क्लास केलाय हिने. पण पोरगी ऐकेल तर शपथ! तर तूच कर. फक्त या वेळी जरा सरळ होईल असं बघ. पंचवीस-तीस माणसं येणार आहेत."

"बरं," एवढंच म्हणून बाईंनी फोन ठेवला. तेव्हापासून त्या धुमसत होत्या.

केक वाकडा व्हायचा, हे खरंच होतं. ओटा बांधताना गवंड्याने पाणी सिंककडे वाहून जावं म्हणून उतार दिला, तो जरा जास्तच दिला. ओव्हनला जागा तेवढीच, सिंकच्या कडेला. त्यामुळे कितीही निगुतीने ओता, मिश्रण उताराला सरकायचं आणि केक सिंककडे चार बोटं, तर भिंतीकडे जेमतेम दोन बोटं व्हायचा. गणिताच्या बाईंच्या घरात असा केक, यावर सगळ्यांनी हसून घेतलं होतं. ओव्हनच्या पायाखाली कागदाचा एक कपटा सरकवावा, हे मात्र त्या घरात राहिलेल्या एकाही शहाण्याला सुचलं नव्हतं. बाईंनाही नाही, पण आज त्यांना ते कबूल करायचं नव्हतं.

त्यांनी लोणी आणि साखर फेटायला घेतली. मिक्सर होता, तरी हातानेच फेटली, कारण हाताला काहीतरी बडवायला हवं होतं. साखर विरघळून लोणी पांढरं झालं, दंड भरून आला, पण राग तसूभर कमी होईना. गॅसवर पातेल्यात पाणी उकळत होतं आणि त्यावरच्या काचेच्या वाडग्यात काळं चॉकलेट वितळत होतं. मैदा आणि कोको त्यांनी दोनदा चाळला. एरवी एकदाच चाळायच्या.

सगळ्यात जास्त झोंबत होता तो 'मावशी' हा शब्द. त्या नवीला, बापाच्या दुसऱ्या बायकोला, ठकू मावशी म्हणायची. मावशी! मावशी म्हणजे आईची बहीण. ही बया कुठून माझी बहीण लागून गेली? आईबापांना मी एकटी, आणि चाळिशीत मला बहीण झाली! शनिवारी ठकू तिकडे गेली की घर कसं गप्प व्हायचं, आणि सोमवारी परत आली की तिच्या तोंडी सतरा वेळा मावशी. मावशीने असं केलं, मावशीकडे तसं असतं. आज वाढदिवस तिकडे गेला, उद्या पोरगी जाईल, ही भीती बाईंच्या पोटात दोन वर्षं बसून होती. म्हणून तर केक असा करायचा, की तीस माणसांसमोर त्या क्लासवालीचं तोंड एवढंसं व्हावं.

मिश्रण टिनमध्ये ओतायच्या आधी बाईंनी जुन्या आलेखवहीचा पुठ्ठा फाडला. त्याच्या घड्या घालून ओव्हनच्या सिंककडच्या दोन्ही पायांखाली सरकवल्या. ओव्हनमध्ये पाण्याने भरलेली ताटली ठेवून, पट्टी लावून दोन्हीकडची पाण्याची खोली मोजली. एका बाजूला अजून एक घडी लागली. मग पुन्हा मोजलं.

"घ्या," त्या म्हणाल्या. "सरळ."

केक सरळ झाला. इतका सरळ, की वर पेला ठेवला असता तर थेंब हलला नसता. तो गार झाल्यावर बाईंनी गरम साय आणि चॉकलेट एकत्र घोटून वरून ओतलं आणि सुरीने अशी सफाई केली, की त्यात खिडकीचे गज दिसायला लागले. चार पावलं मागे सरकून त्यांनी तो पाहिला. सकाळपासून पहिल्यांदाच त्यांना बरं वाटलं.

तीनच्या सुमाराला बेल वाजली. दारात ठकू होती, आणि मागे ती नवी. साधा सुती ड्रेस, घामेजलेला चेहरा, हातात केक न्यायला आणलेलं मोठं खोकं. ठकूच्या हातात स्टीलचा छोटा रिकामा डबा होता.

"या," बाई म्हणाल्या. त्या 'या'मध्ये बसा वगैरे काही नव्हतं.

"हे गाडी लावून खालीच थांबलेत," नवी म्हणाली. "आम्ही लगेच निघतो, ताई."

ताई! बाईंनी दातावर दात दाबले.

ठकू मात्र आईला मिठी मारून तशीच स्वयंपाकघरात पळाली. दर वर्षी करायची तेच तिने केलं. गुडघ्यांवर बसली, हनुवटी टेबलाला टेकवली आणि एक डोळा मिटून केककडे पाहू लागली. मग तिने ताट हळूच फिरवलं. अर्धं फिरवलं, पूर्ण फिरवलं. मग उलट्या दिशेने फिरवलं.

"आई, यात माझी बाजू कुठली?"

"कुठली म्हणजे? सगळाच तुझा आहे."

"तसं नाही. जाड बाजू."

"यंदा नाहीये जाड बाजू," बाई ऐटीत म्हणाल्या. "यंदा सरळ झालाय बघ. एकसारखा."

ठकू उठली. तिने केककडे पाहिलं, आईकडे पाहिलं.

"छान झालाय," ती म्हणाली. आणि मग, पाहुण्यांकडे गेल्यावर म्हणतात तशी म्हणाली, "थँक यू, आई."

या घरात ठकूने आईला कधी थँक यू म्हटलं नव्हतं. 

ठकू गुपचूप दाराशी गेली आणि तो डबा नवीच्या पिशवीत ठेवायला लागली. नवीने तिचा हात धरला.

"डबा कसला आहे?" बाईंनी विचारलं. आवाज उगाचच चढला होता.



"तुमच्यासाठी होता," नवी हळू आवाजात म्हणाली. "जाड बाजू ती तिथे खाणार, आणि पातळ बाजू नेहमी तुमची असते ना, ती डब्यात घालून उद्या शाळेतून तुम्हाला आणून देणार. कुणी हात लावायचा नाही, असं तिने आम्हाला कालच बजावून ठेवलंय." ती थांबली. "सरळ करायला सांगू नका, असं मी ह्यांना म्हटलं होतं, ताई. ऐकलं नाही."

बाईंना भयंकर राग आला. खाली गाडीत बसलेल्याचा आला, गवंड्याचा आला, दोनदा चाळलेल्या मैद्याचा आला. त्या चकचकीत केकचा तर इतका आला, की तो खिडकीतून फेकावा. पण पट्टी लावून ओव्हनमधली ताटली मोजणारी दुसरी कुणी नव्हती, त्या स्वतःच होत्या.

"कार्यक्रम किती वाजता आहे?" त्यांनी खेकसून विचारलं.

"साडेसहाला."

"मग त्यांना म्हणावं, बसा गाडीत. नाहीतर वर या आणि भांडी घासा." बाईंनी पदर खोचला. "हा पाहुण्यांना न्या. कपभर मैदा उरलाय, एक छोटा होईल."

त्या ओव्हनपाशी गेल्या, खाली वाकल्या आणि पुठ्ठा ओढू लागल्या. ओव्हनच्या वजनाने तो घट्ट दबला होता, निघेना. त्यांनी पुन्हा हिसका दिला. पुठ्ठ्याचा कोपरा तेवढा फाटून हातात आला.

नवी पुढे झाली आणि तिने दोन्ही हातांनी सिंककडची बाजू उचलून धरली. बाईंनी घड्या ओढून काढल्या. ओव्हन खाली टेकला, ठक्क वाजला आणि पूर्वीसारखा सिंककडे कलला.

"नीट कललाय का बघ गं," बाई म्हणाल्या.

ठकूने ओट्याला हनुवटी टेकवली, एक डोळा मिटला.

"कललाय."

"मग बघत काय बसलीस?" बाई अजून रागातच होत्या. त्यांनी लोण्याचा डबा ओट्यावर आदळला. "मावशीला चाळण काढून दे."