सेफ्टी पिनेवरचा टाका

टाका सुटलाय हे मला दिसलं तेव्हा चहासुद्धा झाला नव्हता.

माझा नेम असा, की उठल्यावर तोंड धुऊन आधी प्रार्थना, मग शालीच्या दोन ओळी आणि त्यानंतर चहा. विणताना मनात एकच वाक्य: प्रभू, मनवाला सांभाळ, तिच्या बाळाला सांभाळ. ओळ संपेपर्यंत तेच. मनवा माझी एकुलती एक मुलगी. सातव्या महिन्यात तिचं प्रेशर इतकं चढलं की परळच्या इस्पितळात तिला दाखल करून घेतलं. डॉक्टर म्हणाल्या, बाळ जितकं आत राहील तितकं बरं, पण प्रेशरने ऐकलं नाही तर आम्हाला थांबता येणार नाही. त्याच संध्याकाळी मी दादरला उतरून पांढरी लोकर घेतली आणि ठरवलं, तिचे दिवस भरेपर्यंत रोज विणायचं, एकही दिवस चुकवायचा नाही आणि विणलेलं उसवायचं नाही. शाल पुरी होईल तेव्हा बाळही पुरं होईल.

हे शेवटचं मी कुणाला बोलून दाखवलं नव्हतं. आमच्या चर्चच्या मंडळीत नवसबिवस बोलत नाहीत. मीही त्याला नेमच म्हणत होते.

आणि आता खिडकीशी शाल उजेडात धरली, तर सुईपासून वीतभर खाली एक टाका मोकळा लोंबत होता.

साधी वीण असती तर मी घाबरले नसते. क्रोशाची सुई घालून, शिडी चढवावी तसा टाका एकेक ओळ वर आणता येतो. गेल्या वर्षी आमच्या भगिनी मंडळात मी त्यावर मननही दिलं होतं, म्हणजे छोटंसं प्रवचनच: टाका कितीही खाली निसटला तरी विणणारी त्याला सोडत नाही, तसंच प्रभूही हरवलेल्याला शोधून वर आणतो. बायकांना फार आवडलं होतं. पण ही पानांची वीण होती. कुठे दोन टाक्यांचा एक केलेला, कुठे मधे दोरा घेऊन भोक पाडलेलं. इथे सुई घालून चढवायला सरळ शिडीच नव्हती. उसवूनच खाली जावं लागणार होतं.

मी ब्लाउजची सेफ्टी पिन काढली आणि टाका त्यात अडकवला. निदान आणखी निसटायला नको. चहा केला, पण तो तसाच गार झाला.

दुपारी मनवापाशी बसून विणत होते, तर तिची नजर नेमकी तिथेच गेली.

"आई, ही पिन कसली?"

"खूण आहे. कुठपर्यंत आले ते कळायला."

"बरं," ती म्हणाली. तिचा चेहरा सुजून गोल झाला होता, डोळे बारीक दिसत होते. "मुंबईत लोकरीची शाल. बाहेर आल्या आल्या बाळ ओरडेल, आजी, उकडतंय!"

"इथला एसी बघ," तिचा नवरा सम्यक म्हणाला. "आई, बाळाला नको असेल तर मला द्या. रात्री त्या बाकावर कुडकुडतो मी."

"तुला पुरायला तिला तीन वर्षं विणावं लागेल," मनवा म्हणाली आणि हसली. तेवढ्यात तिच्या दंडावरचा पट्टा आपोआप फुगायला लागला. आम्ही तिघंही यंत्राकडे बघायला लागलो. यंत्रावर आकडा आला तशी सिस्टरने तो कागदावर उतरवला.

"किती आहे?" मनवाने विचारलं.

"पडून राहा. जास्त बोलू नका," सिस्टर म्हणाली. आकडा तिने सांगितला नाही.

माझ्या सुया भराभर चालायला लागल्या. मनवा बघत होती. हळूच म्हणाली, "आई, घाबरलीस की तू पटापट विणतेस. ठेव ना जरा ते. हात धर माझा."

"एवढी ओळ होऊ दे," मी म्हटलं.

ओळ होईपर्यंत तिला झोप लागली होती.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. माझा उपास, आणि गिरगावात चर्चच्या मागच्या हॉलमध्ये भगिनी मंडळ. मनन माझ्याकडेच होतं. सगळ्यांना वाटत होतं मी पुन्हा विणकामावरच बोलणार. मी लवकर जाऊन बसले. जाईबाई आधीच आल्या होत्या. त्या महापालिकेच्या शाळेत शिवण शिकवायच्या, आता ऐंशीच्या पुढे आहेत. दोन सुया म्हणजे छळ आहे म्हणतात आणि फक्त क्रोशा करतात. वेदीच्या कापडाला लेस चालली होती त्यांची.

"बघू," त्यांनी शाल ओढून घेतली. बोटं फिरवली आणि पिनेशी थांबल्या. "करुणा, हा वर यायचा नाही गं. उसव."

"नाही उसवायची."

"का? हात मोडलेत?"

मी अगदी हळू सांगितलं. रोजची ओळ, रोजची प्रार्थना, आणि जे कुणाला बोलले नव्हते तेही. त्यांना कमी ऐकू येतं, त्यामुळे अर्धं पुन्हा सांगावं लागलं.

"म्हणजे देवाला सुईवर टांगून ठेवलायस तू!" त्या एवढ्या मोठ्यांदा म्हणाल्या की खुर्च्या लावणाऱ्या दोघी वळून बघायला लागल्या. "अगं, सकाळी मागितलंस ते सकाळीच पोचलं. ते काय लोकरीत अडकून बसलंय, उसवल्यावर सांडायला?"

"तसं नाही हो जाईबाई."

"तसंच आहे. हे बघ." त्यांनी आपली लेस माझ्यासमोर धरली. "क्रोशात उघडा टाका एकच. सुईवर आहे तो. मागचे सगळे बंद झाले, त्यांची काळजी संपली. पुढचे अजून झालेच नाहीत. आणि तुझं बघ, ही एवढी रांग उघडी घेऊन बसलीस. एक निसटला की जीव खाली-वर. कशाला?"

ऐकायला बरं वाटलं. वाटलं, हेच आज मननात सांगावं. पण पिनेकडे हात काही गेला नाही. सांगणं मला नेहमीच सोपं जातं.

गीत झालं. मी उठले, पुढे जाऊन उभी राहिले आणि "बहिणींनो" एवढंच म्हटलं, तर पर्समध्ये फोन थरथरायला लागला. एरवी मी उचलला नसता.

"आई, घेतायत तिला आत," सम्यक म्हणाला. "प्रेशर उतरतच नाहीये. लगेच या."

मी तिथेच उभी. कुणीतरी पर्स हातात दिली, कुणीतरी चपला पुढे सरकवल्या. जाईबाई म्हणाल्या, "जा तू. आम्ही इथे गुडघ्यावरच आहोत."

टॅक्सीत बसल्या बसल्या मी पिशवीतून शाल काढली. पुरी व्हायला हवी होती. ती पुरी व्हायच्या आधी बाळ यायला नको होतं. लालबागच्या पुलावर गाडी अडकली तशा सुया आणखी जोरात चालायला लागल्या.

"मौसी, सुई संभालो," टॅक्सीवाला म्हणाला. "ब्रेक लगेगा तो लग जाएगी."

मी खाली बघितलं. पान नाही, भोक नाही, काय विणत होते माझं मलाच कळत नव्हतं.

मी पोचले तेव्हा मुलगी झाली होती, जेमतेम किलोभराची. सम्यक भिंतीला टेकून उभा होता.

"रडली का?" मी विचारलं.

"रडली. एवढंसं." त्याने बोटाने दाखवलं, जसं काही रडणं मोजता येतं. "मग लगेच काचेच्या पेटीत ठेवली. नाकात नळी आहे."

"आणि मनवा?"

"शुद्धीवर आहे. प्रेशर अजून वरच आहे. अतिदक्षता विभागात ठेवलंय, कुणाला भेटू देत नाहीत."

मी पिशवी छातीशी धरून नवजात कक्षाच्या दाराशी गेले. बाहेर आलेल्या सिस्टरला म्हटलं, "शाल आहे. अर्धीच झालीय, पण मी टाके बंद करून देते. तिच्यावर घालाल?"

"लोकर आत चालत नाही, मावशी. तंतू सुटतात."

"धुऊन आणली तर?"

"नाही हो. नळी आहे ना नाकात." तिने शालीकडे बघितलं. "आणि त्यात पिन आहे."

दार बंद झालं. इतके दिवस मी जे काही केलं होतं ते दाराच्या बाहेर राहिलं, आणि ती आत एकटी.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तसंच. मनवाचं प्रेशर थोडं उतरलं, पुन्हा चढलं. डॉक्टर म्हणाल्या, बाळ मधेमधे श्वास घ्यायला विसरतंय, लहान बाळांचं होतं असं, आम्ही लक्ष ठेवून आहोत. श्वास घ्यायला विसरतंय! मी बाकावर बसून शाल मांडीवर घेतली आणि सुई हातात धरली. कुठून सुरू करायचं ते समजेना.

सम्यक शेजारी येऊन बसला. तो लालबागचा, बौद्ध घरातला. आम्ही प्रार्थना करतो तेव्हा तो शांत बसतो, डोळे मात्र मिटत नाही. लग्नाच्या वेळी मला ते खटकलं होतं.

"आई, उसवायचंय ना हे?" तो म्हणाला.

"तुला कोणी सांगितलं?"

"मनवाने. म्हणाली, आईचा टाका सुटलाय, खूणबिण काही नाही."

"मग मला का नाही बोलली?"

"म्हणाली, बोलले तर आई रडेल. आई रडली की माझं प्रेशर वाढेल." तो किंचित हसला आणि त्याचे डोळे भरले. "द्या. लोकर मी गुंडाळतो. टोक कुठंय?"

मी सुई ओढून काढली. सगळे टाके उघडे पडले, तोंडं वर करून. धागा ओढला तसा बारीक आवाज करत एक ओळ गेली. मग दुसरी. टॅक्सीतला सगळा गोंधळ गेला, त्याच्या खालचं हॉस्पिटलमध्ये विणलेलं गेलं. सम्यक गुंडाळत होता, आणि उसवलेली लोकर त्याच्या हातात कुरळी, लाटालाटांची येत होती. काहीतरी कोसळेल म्हणून मी दाराकडे बघत होते. दार बंदच होतं. आतून यंत्रांचे आवाज येत होते, पहिल्यासारखेच.

ही ओळ, जिच्यावर मनवाला झोप लागली. तो दिवस ती तगली होती. त्याच्या आधीचाही दिवस तगली. मी मागितलं होतं आणि मिळालं होतं, दिवसाचं त्या दिवशी. माझ्या हातातून लोकर निघून जात होती, पण ते दिवस कुणाला उसवता येणार नव्हते. हे मला कुणी सांगितलं असतं तर मी मान डोलावली असती. सांगितलंही होतंच की जाईबाईंनी. पण ते कळायला हात रिकामे व्हावे लागले.

पिनेपर्यंत यायला अजून थोडंच राहिलं होतं, तेवढ्यात दार उघडलं.

"मनवाच्या बाळाचं कोण?"

सम्यक ताडकन उठला आणि त्याला शिंक आली. बाकावरच्या एसीची सर्दी. त्याने तोंडावर हात दाबला, पण दुसरीही आलीच.

"तुम्ही नाही," सिस्टर म्हणाली. "सर्दीवाल्याला आत सोडता येत नाही. मावशी, तुम्हाला ताप, खोकला, काही?"

"नाही."

"मग तुम्ही या. फार हातपाय मारतेय ती, थकतेय आणि श्वास विसरतेय. कुणाचा तरी हात हवाय तिला."

मी मांडीवरची शाल सम्यककडे दिली. त्याने ती दोन्ही हातांवर घेतली, भरलेलं ताट घ्यावं तशी.

"आई, सुई? हे सगळं निसटेल ना?"

"निसटलं तर निसटलं," मी म्हटलं आणि आत गेले.

बांगड्या काढल्या, लग्नातली अंगठी साबण लावून काढली. कोपरापर्यंत हात धुतले, सिस्टरने दाखवलं तसे, बोटांच्या बेचक्यांतून. मग ती मला एका काचेच्या पेटीपाशी घेऊन गेली. माझी नात पालथी होती, पाठ माझ्या तळव्याहून लहान. कातडी इतकी पातळ की आतल्या शिरा दिसत होत्या. एक पाय हवेत झाडत होती, कशाचा तरी आधार शोधत असल्यासारखी.

पेटीला दोन गोल खिडक्या होत्या. "एक हात डोक्याशी, एक पायांशी," सिस्टर म्हणाली. "थोपटायचं नाही, चोळायचं नाही. त्याने तिला त्रास होतो. हात नुसते ठेवायचे. हलवायचे नाहीत."

मी हात ठेवले. पाय माझ्या तळव्याला लागला, एकदा झाडला, मग टेकला.

हात न हलवता बसणं मला येत नाही. माझी बोटं आपोआप चालायला बघत होती. मी ती आवरून धरली. रोजचं वाक्य आठवायला गेले तर ते काही केल्या जुळेना. नुसतं "प्रभू" एवढंच आलं आणि पुढे काही नाही.

यंत्र टीं टीं करायला लागलं. पडद्यावरचा आकडा उतरत होता. मी सिस्टरकडे बघितलं. तिने एक बोट वर केलं, थांबा. मग हाताखालची पाठ हलली, एकदा, पुन्हा एकदा, आणि आकडा वर चढायला लागला.

"घेतला," सिस्टर म्हणाली. "तिचा तिने. हात तसेच असू द्या. किती वेळ थांबाल?"

"तुम्ही सांगाल तोवर."

तिने एक स्टूल माझ्या मागे सरकवलं. आकडा पुन्हा थोडा घसरला. मी हात हलवले नाहीत.