दुपारनंतर ढगांची शक्यता

सकाळी सहा चाळीसला प्रितमचा मेसेज येतो. प्रितम माझा नवरा. आठवडाभर तो आत वाळवंटाकडे इब्राला साइटवर असतो आणि गुरुवारी संध्याकाळी किनाऱ्याजवळ अल खौदला घरी येतो. मेसेजमध्ये गुड मॉर्निंग नसतं, हवामान असतं. 'आज त्रेचाळीस. आर्द्रता ऐंशी टक्के. दुपारनंतर डोंगरांवर ढग, गडगडाटासह पावसाची शक्यता. गाडी काढू नकोस.'

जूनपासून रोज हेच. इथल्या आखाती उन्हाळ्याचा अंदाज मी झोपेतसुद्धा सांगेन: किनाऱ्यावर घाम, आतल्या भागात ऊन, डोंगरांवर दुपारी ढग. पाऊस पडला तर पडला, नाहीतर नाही. सप्टेंबरअखेरपर्यंत असंच राहणार, असंही मागच्या आठवड्यात जाहीर झालं. म्हणजे तोपर्यंत आमची गाडी इमारतीखाली धूळ खात उभी राहणार.

चावी माझ्याकडेच असते, राग त्याचाच येतो. प्रितमने चावी लपवली असती तर भांडता आलं असतं. तो फक्त काळजी करतो. काळजी करणाऱ्या माणसाशी भांडायला गेलं की आपणच वाईट ठरतो, आणि तोंड मिटून बसलं की आतल्या आत उकडत राहतं.

लायसन्स मी चौथ्या प्रयत्नात काढलं. गेल्या ऑगस्टमध्ये ते हातात आलं आणि दुसऱ्याच सकाळी त्याला शेजारी बसवून मी गाडी काढली. आत एसी जोरात, बाहेर दमट हवा. दोन मिनिटांत समोरची काच पांढरी झाली. मी ओढणीने काच पुसत सुटले, पण काच होती तशीच. इथल्या उन्हाळ्यात काचेवर वाफ बाहेरून धरते, हे अमरावतीच्या मुलीला कुठून माहीत असणार? प्रितमने ओरडून गाडी कडेला घ्यायला लावली. आम्ही जागा बदलल्या. त्या वर्षभर बदललेल्याच राहिल्या.

मग या जुलैत काम चालून आलं. मी सिव्हिल इंजिनियर आहे. हे मला अधूनमधून स्वतःलाच सांगावं लागतं, कारण इथे आल्यापासून सहा वर्षं मी घरी आहे. एका छोट्या ऑफिसला रस्त्याखालच्या मोऱ्या तपासणारं माणूस हवं होतं. डोंगरात पाऊस झाला की वादीतून, म्हणजे एरवी कोरड्या असलेल्या नदीपात्रातून, एकदम पाणी सुटतं. ते दगडगोटे घेऊन येतं, मोऱ्या तुंबतात, रस्ता खचतो. पाणी उतरलं की लगेच जाऊन पाहायचं, मापं घ्यायची, फोटो काढायचे, रिपोर्ट द्यायचा. अमरावतीला मी दोन पावसाळे हेच केलं होतं. गुडघाभर चिखलात उभं राहून, आणि फार मजेत.

ऑफिसचे प्रमुख रमण सर. त्यांनी फोनवर एकच गोष्ट विचारली. "मॅडम, गाडी चलाती हैं?"

"हाँ सर."

"तो बुधवार को दस बजे फंजा के पास साइट पे आ जाइए. लोकेशन भेजता हूँ."

फंजा आमच्या घरापासून अर्धा तास. मी प्रितमला फोन केला तेव्हा तो खरोखर आनंदला. "अगं, ग्रेट! बघ, मी म्हणत होतो ना!" मग तो फोनवर काहीतरी बघू लागला, हे मला न सांगता कळलं.

"गिरिजा, बुधवारी डोंगराकडे पावसाचा इशारा दिलाय. आणि फंजा म्हणजे वादीच. मी सुट्टी टाकतो."

"अरे, मला एकटीने जायचंय. कामच तसं आहे."

"काम मिळाल्यावर जा एकटी. पहिल्याच दिवशी अडकलीस तर? माझं इथे लक्ष लागेल का?"

मी नाही म्हणायला हवं होतं. मी "बरं" म्हटलं. कारण खरं सांगायचं तर त्या काचेची भीती माझ्याही पोटात होती, आणि कुणीतरी ती माझ्याऐवजी बाळगतंय याचं मला क्षणभर बरं वाटलं. त्या 'बरं'बद्दल मी स्वतःला अजून माफ केलेलं नाही.

बुधवारी पहाटे प्रितम कंपनीच्या पिकअपने इब्राहून निघाला. फंजा ओलांडून अल खौदला आला, पिकअप खाली लावली, आमची गाडी काढली आणि मला घेऊन पुन्हा फंजाला निघाला. डोळे लाल झालेले, शर्ट पाठीला चिकटलेला. सोबत पाण्याच्या चार बाटल्या, ओआरएसची पाकिटं आणि एक छत्री. माणूस चांगला आहे, माझी तक्रार एवढीच आहे.

साइटच्या अलीकडे पेट्रोल पंप होता. मी म्हटलं, "मला इथे सोड. पुढे चालत जाते."

"त्रेचाळीस डिग्रीत? वेडी आहेस का?"

त्याने गाडी थेट रमण सरांच्या जीपला खेटून उभी केली. रमण सर गळ्यात पंचा टाकून उभे होते. पन्नाशीचे, रापलेले. मी कोणत्या दारातून उतरले ते त्यांनी पाहिलं.

आम्ही मोरीत उतरलो. पुढची वीस मिनिटं फार छान गेली. वरच्या बाजूच्या भिंतीशी दगड कसे साचलेत आणि खाली पायाजवळची माती कशी वाहून गेलीय, ते मी दाखवलं. पुढच्या पाण्याला हा कोपरा जाणार, असंही सांगितलं. सर वाकून बघत राहिले. "अच्छा देखा आपने. ये मेरे लड़के ने नहीं देखा था." घाम डोळ्यांत जात होता आणि मला हसू येत होतं. सहा वर्षांनी मला कुणीतरी काहीतरी विचारत होतं.

बाहेर आलो तर मोरीच्या तोंडाशी प्रितम छत्री धरून उभा. एका हातात फोन.

"सर, साढ़े बारह तक खतम कर लेते हैं," तो अदबीने म्हणाला. "दो बजे के बाद क्लाउड डेव्हलप हो रहा है. मॅडम को निकलना पड़ेगा."

रमण सरांनी आधी आभाळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "भाईसाब, मॅडम को तो उसी के लिए आना है."

प्रितम हसला. त्याला तो विनोद वाटला.

फंजात जेवून आम्ही निघालो तेव्हा दोन वाजून गेले होते. डोंगर लख्ख दिसत होते. कापसाच्या बोंडाएवढाही ढग नव्हता.

"मी चालवते," मी म्हटलं.

"या उन्हात?"

"ढग नाहीत ना आता."

"म्हणूनच तर ऊन एवढं आहे." हे तो अगदी मनापासून म्हणाला.

मला तेव्हा लख्ख कळलं. ढग असतील तर ढग, नसतील तर ऊन. हिवाळ्यात धुकं, एरवी शुक्रवारची गर्दी. त्याच्या फोनमध्ये माझ्यासाठी चांगला दिवस कधी येणारच नव्हता.

हायवेला लागलो आणि मेसेज आला. रमण सरांचा. मी तो मोठ्याने वाचला. 'मॅडम, काम आपको आता है. लेकिन बारिश के बाद फौरन अकेले निकलनेवाला चाहिए. दूसरे को बोल दिया. सॉरी.'

प्रितमने स्टिअरिंगवरचा एक हात माझ्या हातावर ठेवला. "अरेरे. पण खरं सांगू? बरंच झालं. पावसापाण्यात कुठे एकटी फिरणार होतीस."

मी हात काढून घेतला. "माझं काम पावसाने नाही घालवलं, प्रितम. पाऊस आलाच नाही. तू घालवलंस. आणि तुला 'बरं' म्हणून मी घालवलं."

"मी तुझ्यासाठी दोनशे किलोमीटर..."

"माहितीय. त्यामुळेच गेलं."

तो आवाज चढवेल असं वाटलं होतं. त्याने इंडिकेटर दिला, गाडी कडेला घेतली आणि खाली उतरला. बाहेरची भट्टी आत आली. गाडीला वळसा घालून त्याने माझ्या बाजूचं दार उघडलं. चेहरा पार उतरलेला.

"घे. तू चालव. मी एक शब्द बोलणार नाही."

वर्षभर मी याच वाक्याची वाट पाहत होते. ट्रक आमच्या गाडीला हादरे देत जात होते.

"कुठे चालवू?" मी विचारलं.

"म्हणजे? घरी."

"घरी न्यायला तू आहेसच की," मी म्हणाले, आणि सीटबेल्ट काढला नाही.