राखून ठेवलेली उडी

धुळ्याच्या क्लबात विलायती नियमांनी बुद्धिबळाचा सामना चालला होता. दोंडाईच्याचे हिलाल आबा सकाळपासून नुसता बचावच करत होते. एकेक घर प्यादी सरकवून त्यांनी राजाभोवती कोट बांधला होता, आणि समोरचे वकील घाम पुसत तो फोडत होते. आबांची पाठ भरून आली, डोळे चुरचुरायला लागले. तरी धीर होता. गावच्या डावात राजाला एकदाच घोड्याची उडी मिळते, ती त्यांनी अजून वापरली नव्हती. राजा कोंडला जाणार असं दिसताच त्यांनी ती मारली.

“आबा, विलायती राजाला उडी नसते,” वकील हळूच म्हणाले.

आबांनी राजा परत जागेवर ठेवला.

“मग सकाळपासून मी कशाच्या जिवावर बसलो होतो हो?”