पंख्याचा उमेदवार

"आंगट्याला बांद. हाताला बांदलीस तर हात कामातनं जाईल," धोंडीरामनं बायकोला समजावलं.

"आन् आंगटा गेला म्हंजी?"

"आंगट्यानं भाकर थापतीस का?"

हे पटण्यासारखं होतं. भिवराबाई कचेरीच्या ओसरीत बसली आणि तिनं दोरी पायाच्या अंगठ्याला बांधली. दोरी भिंतीतल्या भोकातून आत जात होती. आत छताला झालरीचा पंखा, पंख्याखाली तहसीलदार.

धोंडीराम चकलांब्याचा. वर्षभर तो उमेदवार म्हणून पंखा ओढत होता. निजामाच्या राज्यात उमेदवार म्हणजे पुढे नोकरी मिळेल या आशेवर फुकट राबणारा, आणि आशेला तोटा नव्हता. घर चालत होतं भिवराबाईच्या खडी फोडण्यावर. सडक पुढे सरकली की तिचं आणि पोरांचं बिऱ्हाडही सरकायचं. धोंडीराम कायम झाला की तिनं हातोडा टाकायचा आणि पोरांनी एका गावात वाढायचं, असं ठरलं होतं.

कायम होणं तसं सोपं. तहसीलदारांनी माणूस बघायचा आणि "रख लो" म्हणायचं. पण हा भिंतीबाहेर, ते भिंतीआत. तोंड दाखवायला आत गेला की पंखा थांबायचा. पंखा थांबला की तहसीलदार ओरडायचे, "पंखा किसने रोका?" मग तोंड दाखवायला आलेला तोंड लपवून परत दोरीशी.

म्हणून आज खडीचा रोज बुडवून दोरीला भिवराबाई.

हुजुरांसमोर बोडक्यानं जायची चाल नव्हती. तहसीलदारांच्या कारकुनानं, पेशकार राधाकिशनजींनी, आपली जुनी पगडी धोंडीरामच्या डोक्यावर दाबली आणि त्याला आत ढकललं.

"हुजूर, पंखे का उमेदवार. मेहनती है. कायम कर दीजिए."

तहसीलदारांनी धोंडीरामकडे पाहिलं. मग वर पाहिलं. पंखा कधी नव्हे इतका झकास हलत होता.

"ये यहाँ खड़ा है," ते विचारात पडले, "और पंखा चल रहा है."

"जी, हुजूर."

"तो इसकी क्या ज़रूरत?"

धोंडीरामनं तोंड उघडलं. "हुजूर, भायेर माजी…"

राधाकिशनजींनी त्याच्या पाठीला कचकून चिमटा काढला. सरकारी दोरी बाईच्या पायाला आहे हे कळलं असतं, तर आधी पेशकारच घरी गेले असते.

"जगह रद्द," तहसीलदार म्हणाले. सरकारचा खर्च वाचवल्याच्या आनंदात त्यांनी पान लावायला घेतलं. वाऱ्यानं त्यांची दाढी भुरभुरत होती.

धोंडीराम बाहेर आला. ओसरीत झळा लागत होत्या. भिवराबाई घामानं न्हाली होती, पण पायाची लय तुटली नव्हती.

"काय म्हनले वो सायेब?"

तो तिच्याशेजारी टेकला. पगडी काढून मांडीवर ठेवली.

"वारं लई ग्वाड हाय म्हनले."

भिवराबाई लाजली, आणि पाय आणखी लांब ताणू लागली.