बिर्काच्या बर्फावरचे हाड

मित्रांनो, काचेच्या पेटीत मऊ कापडावर निजलेले हे पिवळट हाड म्हणजे मी. पूर्वी मी एका म्हाताऱ्या घोडीच्या पायात होते. घोडी मेली, आणि उत्तरेकडच्या बर्फाळ देशातल्या बिर्का गावच्या तोस्तीने मला दगडावर घासून खालून सपाट केले, टोकाला भोके पाडली आणि चामड्याची वादी ओवली. बर्फावरून घसरत जाण्यासाठी पायाखाली बांधतात ती स्केट मी झाले. त्याच घोडीच्या दुसऱ्या पायातून माझी जोडीदारीण आली.

तोस्ती हरणाच्या शिंगांचे कंगवे कोरत असे. आम्हांला मात्र त्याने बायकोसाठी, रान्वेगसाठी घडवले.

"तुझ्यापेक्षा ती घोडी बरी पळायची," वादी आवळताना तो म्हणाला.

"पळणारच. तुझ्या घरचं खाऊन कोण थांबेल?" रान्वेगने उत्तर दिले, आणि पहिल्याच दिवशी ती दाणकन आपटली. तोस्ती इतका हसला की त्याची सुरी हातातून पडली.

पुढे ती फार सुरेख जाऊ लागली. पाय उचलायचाच नाही. लोखंडी टोकाची काठी मागे रेटायची आणि सुसाट सुटायचे. बिर्का बेटावर होते. सरोवर गोठले की पलीकडच्या काठावरून ती चीज आणी, लोकर आणी. "रान्वेगच्या पायात वारा आहे," असे शेजारणी म्हणत, तेव्हा माझेच कौतुक झाल्यासारखे वाटे.

पण मित्रांनो, मला कायम धास्ती असे. माझ्या पाठीवर ती उभी असे आणि पोटाखाली बर्फ. बर्फ कुठे जाड, कुठे पातळ, ते तिच्याआधी मला कळे. जाड बर्फ मुका असतो. पातळ बर्फ दात खातो. त्याच्याखाली हलणारे काळे पाणी मला जाणवत असे, आणि ओरडायला मला तोंड नव्हते.

एका वर्षी थंडी सरत आली असताना तोस्ती कमरेला दोराने बांधलेली घसरगाडी बर्फावरून ओढत, शिंगे आणायला पलीकडच्या काठाला गेला. तो गेला तेव्हा बर्फ दगडासारखा होता. तो परतायचा त्या दिवशी सकाळपासून दक्षिणेचा कोमट वारा सुटला. छपरे ठिबकू लागली. दुपारी सरोवरावर धुके उतरले आणि बर्फ कण्हू लागला. तो आवाज घरात ऐकू येत होता.

रान्वेगने खुंटीवरून आम्हांला काढले. तिची सासू योरुन दारात आडवी आली.

"वेड लागलंय का तुला? पुरुषसुद्धा किनाऱ्यावरून मागे फिरलेत."

"सासूबाई, तो जाताना सरळ वाटेनं गेलाय. येतानाही तसाच येणार. काळ्या खडकापाशी पाण्याला ओढ आहे, तिथला बर्फ सगळ्यात आधी जातो. भरलेली घसरगाडी घेऊन तो तिथे आला तर?"

योरुनने आपली शाल सुनेच्या डोक्याला गुंडाळली आणि बाजूला झाली.

आम्ही निघालो. बर्फावर बोटभर पाणी साचले होते. धुक्यात रान्वेगला स्वतःची काठीही नीट दिसत नव्हती. काळा खडक जवळ आला तशी माझ्याखालची करकर वाढली. खडकाला हात टेकून ती थांबली, आणि पलीकडून घसरगाडीची खरखर ऐकू आली.

"तोस्ती! येऊ नकोस! येऊ नकोस रे!"

धुक्याने शब्द अर्धेच पोचवले. पलीकडून आनंदी हाक आली, "येऊ? आलोच! बोलत राहा, तुझ्या आवाजावरच येतो!"

खरखर जवळ येऊ लागली. तिची हाकच त्याला पातळ बर्फावर ओढत होती. रान्वेगने दोन्ही हातांनी तोंड दाबून धरले.

"रान्वेग? अगं, बोल की! कुठे आहेस?" आता त्याचा आवाज बावरला होता. खरखर थांबली, पुन्हा सुरू झाली.

गप्प राहूनही भागणार नव्हते. त्याला दुसरीकडे वळवायचे तर हाक दुसरीकडूनच यायला हवी होती. रान्वेगने काठी रोवली आणि खडकाच्या उत्तरेने त्या ओढीवरच्या पातळ बर्फावरून सुटली.

मित्रांनो, तेवढे अंतर मी कधीच विसरले नाही. बर्फ माझ्याखाली कापडासारखा वाकत होता. थांबलो असतो तर संपलो असतो. पलीकडची कड जवळ आली आणि मागचा बर्फ फुटला. रान्वेगचा डावा पाय घोट्यापर्यंत पाण्यात गेला. वादी तुटली. माझी जोडीदारीण बुडाली. पाणी तिच्यावरून एकदा गोल फिरले आणि शांत झाले. रान्वेग पोटावर पडून, नखांनी बर्फ ओरबाडत, जाड बर्फावर चढली. मग तिने हाक मारली.

"इकडे! माझ्याकडे वळ! तोस्ती, वळ!"

तो वळला. धुक्यातून आधी त्याची टोपी दिसली, मग पांढरा पडलेला चेहरा. त्याच क्षणी त्याच्या मागे लांब कडाड असा आवाज झाला आणि घसरगाडीचे मागचे टोक खाली गेले. त्याने कमरेचा दोर सुरीने कापला. शिंगांचा अख्खा ढीग घेऊन गाडी दिसेनाशी झाली.

"तू का आलीस?" तो ओरडला. "मेली असतीस ना!" आणि तिथेच बसून तिचा भिजलेला पाय त्याने आपल्या सदऱ्याआत, पोटाशी धरला. दोघेही लहान मुलांसारखे रडत होते. मग लव्हाळ्यांच्या लांबच्या वाटेने, एकमेकांना धरून, ती घरी आली.

त्या दिवसानंतर रान्वेग कधी बर्फावर गेली नाही. एकट्या स्केटचा उपयोग तरी काय? तिने मला घरामागच्या उकिरड्यावर टाकले. माझा तिला राग नव्हता. मला पाहिले की ती तोंड फिरवी. माझ्यावर माशांचे काटे पडले, मोडक्या कंगव्यांचे दात पडले. एकदा योरुनची पितळी टाचणी शालीतून निसटून माझ्याजवळ रुतली. म्हातारीने ती फार शोधली. "माझ्या आईची होती गं," असे ती सुनेला सांगत होती. ती सापडली नाही. पुढे माणसे गेली, गाव गेले, गवत आले.

खूप काळाने एक माणूस धातू शोधणारे, पीं पीं करणारे यंत्र घेऊन चोरपावलांनी आला. त्याने घाईने टाचणी उपटली, खिशात घातली आणि तो निघून गेला. हाडाकडे यंत्र पाहत नाही, म्हणून मी वाचले. नंतर खरे अभ्यासक आले. त्यांनी कुंचल्याने माती झाडली. शेजारच्या कंगव्यांच्या तुकड्यांवरून त्यांनी ओळखले की इथे कंगवे करणारा राहत होता. माझ्या झिजलेल्या पोटावरून त्यांना कळले की कुणीतरी माझ्यावर खूप हिंडले आहे.

टाचणी मात्र आता कुठल्याशा घरात खणात पडलेली असेल. ती कोणत्या अंगणातली, कोणाच्या शेजारची, हे तिला पाहून कुणालाच सांगता येणार नाही. मला अजूनही तीच भीती वाटते, की असा कुणीतरी पुन्हा येईल आणि मातीत उरलेल्या माझ्या शेजाऱ्यांना एकेक करून उचलून नेईल.

म्हणून एक विनवणी आहे, मित्रांनो. जमिनीत कधी जुने काही दिसले, तर हात आवरा. ते असेल तिथेच राहू द्या आणि जाणत्या माणसाला बोलावणे धाडा. तो येईपर्यंत त्या वस्तूजवळ नुसते बसून राहा.