वस्तीवर चढलेला टँकर

तिसगावच्या वरच्या अंगाला डोंगरात पाच घरांची वस्ती होती. चार घरांना कुलपं लागली, तरी गहिनीनाथ तिथून हलला नाही. मुलगा आदिनाथ केडगावला नोकरीला लागला आणि दुष्काळाच्या साली भागूबाई नातवंडं सांभाळायला तिकडं गेली. पिशवी उचलता उचलता नवऱ्याला म्हणाली, "दारात पानी आना, मग येते मी." ते वाक्य गहिनीनाथानं मनाशी घट्ट धरलं.

वस्तीवर बोअरला पाणी लागत नव्हतं. खालच्या विहिरीवरून आणायचं, तर भरलेला टँकर गाडीमागं ओढत घाटासारखा चढ चढायला हवा. त्याच्या जुन्या पिकअपला ते झेपेना. दुसऱ्या वळणावर ती धापा टाकायची आणि ओझ्यानं मागं सरकायची.

पहिल्या वर्षी गॅरेजवाल्या हनुमंतानं मागच्या स्प्रिंगचे पाटे वाढवले, चासीला लोखंडी पट्ट्या मारल्या. दुसऱ्या वर्षी भंगारातल्या टेम्पोचा दणकट एक्सल मिळाला. तो बसवण्यात उन्हाळा गेला. तिसऱ्या वर्षी इंजिनच उतरवलं आणि गाडी चार महिने विटांवर उभी राहिली. गहिनीनाथ सकाळी भाकरी बांधून पायीच गॅरेजवर यायचा. दिवसभरात जे काही बोलणं व्हायचं, ते तिथंच.

"नाना, एवढ्या पैशात जुना ट्रॅक्टर आला असता," हनुमंत म्हणायचा.

"ट्रॅक्टरवर तिला बसवू व्हय? तिची कंबर दुखती."

चौथ्या वर्षी ऐन माघात गाडीनं भरला टँकर ओढला. कुठंही न थांबता वर आली. गहिनीनाथानं इंजिन बंद केलं. कुणाला तरी सांगावं म्हणून इकडंतिकडं पाहिलं आणि बॉनेटवर थाप मारली. हात चटकन भाजला.

दुसऱ्या दिवशी तो थेट केडगावला गेला. भागूबाई दारात मेथी निवडत होती.

"चल. पानी आलं दारात."

"कसलं पानी?"

"तूच म्हनली हुतीस की."

ती आठवत राहिली. "मी म्हनले हुते?" तिनं नवऱ्याच्या काळवंडलेल्या बोटांकडं पाहिलं आणि आत जाऊन पिशवी भरायला घेतली.

आठ दिवस ती वस्तीवर राहिली. गोधड्या धुतल्या, अंगण सारवलं. चौथ्या दिवशी शेजारच्या मालनबाईच्या दारापर्यंत गेली आणि कुलूप पाहून परत आली. नवव्या दिवशी तिनं पुन्हा पिशवी भरली.

"पानी लई हाय वो. पन दिवसभर तोंड उघडायला मानूस न्हाई. तुमी कसं काढलं इतकं दिस?"

गहिनीनाथ तिच्या पिशवीचे बंद बांधू लागला.

"तुमीच चला तिकडं."

"बघू," तो म्हणाला. केडगावच्या त्या बोळात गाडी उभी करायला जागा नव्हती. आणि गाडी विकून तिकडं जाऊन करायचं तरी काय, हेही त्याला कळत नव्हतं.

तिसगावच्या स्टँडवर उतरताना ती म्हणाली, "गाडी मऊ चालती आता."

एसटी दिसेनाशी होईपर्यंत तो उभा राहिला. मग सवयीनं विहिरीवर जाऊन टँकर भरला आणि वर आणला. दारातला हौद तर भरलेलाच होता. टँकर तसाच जोडलेला ठेवून तो ओट्यावर बसला. तेवढ्यात फोन वाजला.

"पोचले मी. तुमी जेवले का?"

"जेवलो की," गहिनीनाथ म्हणाला.

चूल अजून पेटायची होती.